नान्सेनच्या कागदापासून माराकेशपर्यंत

डिसेंबर 1921 मध्ये सोव्हिएत सरकारने हुकूम काढला आणि देशाबाहेर पळालेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्व एका फटक्यात गेलं. त्यांच्याजवळचे पासपोर्ट झारच्या राजवटीचे. ती राजवटच बुडालेली. राष्ट्रसंघाने हे लोढणं फ्रित्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या ध्रुवसंशोधकाच्या गळ्यात बांधलं होतं. स्कीवरून ग्रीनलंड ओलांडणारा हा गडी! 1922 मध्ये त्याने तोडगा काढला: एक साधा ओळखपत्रवजा कागद. तो वापरात ठेवायला पुढे पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीट लागू लागलं. ज्याची ऐपत नसेल त्याला माफी, आणि जमलेला पैसा निर्वासितांच्याच मदतीला. चित्रकार शागाल, संगीतकार स्ट्राव्हिन्स्की याच कागदावर सीमा ओलांडत होते.

पन्नासच्या वर देशांनी तो मानला. त्यात एक मेख होती. कागद देणाऱ्या देशाने त्या माणसाला परत घ्यायलाच हवं, असं बंधन सुरुवातीला नव्हतं. माझ्या मते तो इतका बिनबोभाट चालला तो यामुळेच. स्थलांतराच्या करारांत सरकारं आधी आपल्या गळ्याशी काय येतंय ते पाहतात, आणि पुढची शंभर वर्षं याच चालीने गेली. 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला 32 देश जमले, नाझींच्या छळातून पळणाऱ्या ज्यूंबद्दल हळहळले आणि बहुतेक हात झटकून परतले.

1951 चा निर्वासितांविषयीचा जिनिव्हा करार बंधनकारक होता खरा, पण 1 जानेवारी 1951 पूर्वीच्या घटनांपुरता, आणि तोही युरोपपुरता ठेवण्याची मुभा देऊन. ही वेळेची आणि जागेची कुंपणं निघायला 1967 उजाडावं लागलं. फाळणीत होरपळलेल्या भारताने त्या करारावर सही केली नाही, आजही नाही. गंमत अशी, की कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीने करार होण्याच्या कितीतरी आधी, 1943 पासून, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा दिला होता. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले. आज घाऊक कापडासाठी लोक गांधीनगरला जातात, ते हेच.

स्थलांतराचे संशोधक एव्हाना या करारांच्या बरंच पुढे गेले होते. 1885 मध्येच भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइनने ब्रिटिश जनगणना चाळून दाखवलं होतं, की बहुतेक माणसं जवळच्या जवळ हलतात आणि प्रत्येक लोंढ्याला उलटा प्रवाहही असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने 2024 मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे 30 कोटी 40 लाख, म्हणजे जगातल्या शंभरातले चारही नाहीत. निवडणुकीच्या सभेत मात्र सगळं जग दाराशी येऊन ठेपलेलं असतं.

1990 चा स्थलांतरित कामगारांचा करार अभ्यास आणि राजकारण या दोन जगांतलं अंतर उघडं पाडतो. मजुराच्या कुटुंबापर्यंत हक्क देणारा हा मसुदा अमलात यायला 2003 साल लागलं. तो स्वीकारणारे बहुतेक देश माणसं पाठवणारे. पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिकेतल्या एकाही श्रीमंत देशाने तो स्वीकारला नाही.

मग 2018 मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला स्थलांतराबद्दलचा 23 उद्दिष्टांचा जागतिक करार आला, कायद्याने कोणालाच न बांधणारा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 152 मतं बाजूने पडली. विरोधात पाच, त्यांत अमेरिका आणि पोलंडही. एवढ्या मवाळ कागदावरून बेल्जियमचं आघाडी सरकार फुटलं! भारताने बाजूने मत दिलं. 1990 च्या करारावर मात्र, रत्नागिरीपासून केरळपर्यंतची माणसं आखातात राबत असूनही, आपली सही अजून नाही.