बराखीतला कांदा आणि ढाक्याचं ताट

श्रावणात राजगुरुनगरच्या आसपासच्या कुठल्याही वाडीवर जा, बराखीपाशी, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीपाशी, उभं राहिलं की नाकालाच कांद्याची तब्येत कळते. उन्हाळ्यात भरलेला गरवा कांदा दमट हवेत आतून तापतो, वास सुटतो. मग घरची सगळी माणसं बसून सडका, कोंब फुटलेला माल बाजूला काढतात. वजन रोज घटत असतं. तरी शेतकरी थांबतो, कारण पुढे भाव येईल. आणि नेमका भाव वर सरकला की दिल्लीहून निर्यात रोखणारी अधिसूचना निघते.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीला लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा चाकणच्या कारखान्यांना घोर लागला. बलाढ्य शेजारी कसा नाडतो, हे सगळ्यांनाच पटलं. कांद्याच्या बाबतीत तो दांडगा शेजारी आपणच असतो, हे मात्र कुणी बोलत नाही.

२९ सप्टेंबर २०१९ ला भारताने कांदा निर्यात बंद केली. आठवड्याच्या आतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. स्वयंपाकात कांदा घालू नकोस असं आचाऱ्याला सांगितलंय, असा विनोद करून त्यांनी मागितलं ते इतकंच, की पुढच्या वेळी आधी कळवा. ऐकणारे हसले. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा अचानक बंदी आली आणि भरलेले ट्रक सीमेवर अडकले.

ढाक्याने यातून धडा घेतला. तुर्कस्तान, इजिप्त, अगदी पाकिस्तानचाही कांदा मागवला. पाबना-फरीदपूरच्या स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी हंगामात आयात परवाने रोखायला सुरुवात केली.

इकडे मात्र तोच खेळ. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला किमान ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क ही दोन जोखडं ठेवून. नऊ दिवसांनी याच भागातल्या शिरूर लोकसभा मतदारसंघात मतदान होतं. तिथे सत्ताधारी महायुती हरली. (कांदा हे एकच कारण नव्हतं, पण कांदा नव्हताच असंही कुणी म्हणू नये.)

देशातल्या कांद्याचा जेमतेम दहावा हिस्सा बाहेर जातो, मग एवढा आरडाओरडा कशाला, असं शहरात विचारतात. चाकणच्या बाजारात एकदा लिलावाला उभं राहावं. निर्यातीचा खरेदीदार असला की बोली चढते. तो मागे सरला की उरलेल्यांना घाई नसते. बंदी दहाव्या हिश्श्यावर येते, भाव सगळ्या ढिगाचा पडतो. ढाक्याच्या नावाने सोडलेला बाण आधी राजगुरुनगरच्या बराखीत घुसतो.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क शून्य झालं. दुखावलेलं गिऱ्हाईक मात्र शुल्क काढलं म्हणून लगेच परतत नाही.

निर्यात रोखण्याचा सरकारचा अधिकार कुणी नाकारत नाही. पण २०१९ मध्ये शेजारच्या पंतप्रधानांनी मागितली होती तेवढी आगाऊ सूचना आपल्या शेतकऱ्यालाही द्या. आणि ती बराखी भरण्याआधी द्या.