मोजके बोल

घरात दिवसाकाठी खर्च होणाऱ्या पैशाचा हिशेब आपण ठेवतो. शब्दांचा मात्र ठेवीत नाही. "ऊठ, आवर, अभ्यासाला बस, किती वेळा सांगायचे?" ही वाक्ये सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असतात. मुलाच्या कानांवर ती पडतात, पण पंख्याची घरघर पडावी तशी! मग वडीलधारी माणसे आवाज चढवितात आणि तरीही सारे पालथ्या घड्यावर पाणीच ठरते. अशा वेळी बोलणे वाढवावे की कमी करावे, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा.

महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात या दृष्टीने मननीय असा एक प्रसंग आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी मोहनने, भावाचे कर्ज फेडण्यासाठी, भावाच्याच कड्यातले थोडे सोने चोरले. पुढे मन खाऊ लागले, तेव्हा त्याने कबुलीची चिठ्ठी लिहिली, तीत शिक्षा मागितली आणि आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील अंथरुणावर उठून बसले. त्यांनी चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून अश्रू ओघळले. क्षणभर डोळे मिटून त्यांनी ती फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. एक शब्दही ते बोलले नाहीत. गांधीजींनी या प्रसंगाला पुढे अहिंसेचा वस्तुपाठ मानले.

तासभर कानउघाडणी केली असती, तर हे साधले असते काय? रागावणाऱ्या माणसासमोर मूल आपला बचाव शोधू लागते. येथे बचाव करण्याजोगे काही उरलेच नाही. मुलाला स्वतःच्या मनाशीच बोलावे लागले.

हाच मुलगा पुढे लंडनला शिकावयास गेला, तेव्हा चारचौघांत त्याची जीभ अडखळे. तेथील शाकाहारी मंडळात आपले विचार त्याने लिहून नेले, परंतु ते वाचण्याचेही धैर्य झाले नाही. दुसऱ्याने ते वाचून दाखविले. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिल्यावर शब्द सुचेनात, म्हणून घेतलेली 30 रुपये फी परत करावी लागली. तरीही, या संकोचामुळेच शब्द तोलून वापरण्याची सवय लागली, असे गांधीजी पुढे कृतज्ञतेने सांगत.

पुढे दर सोमवारी मौन पाळण्याचा त्यांचा परिपाठ पडला. 2 जून 1947 हा दिवस सोमवार होता. व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन फाळणीच्या योजनेविषयी बोलत होते आणि गांधीजी वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर उत्तरे लिहीत होते. तातडीच्या प्रसंगी उच्चपदस्थांशी बोलणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा, एवढे दोन अपवाद या व्रताला होते. म्हणजे मौन घेतानाही बोलणे कोठे आवश्यक आहे, याचा विवेक त्यांनी सोडला नव्हता.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. मौन निराळे आणि अबोला निराळा. अबोल्यात राग धुमसत असतो आणि समोरच्याला शिक्षा करण्याचा हेतू असतो. मौनात दुसऱ्याला वाव असतो. मोहनच्या वडिलांच्या मौनात अश्रू होते, म्हणूनच ते मुलाला कळले. तसेच, अन्याय दिसत असता गप्प बसणे याला मितभाषण म्हणता येत नाही.

मितभाषणाचा अभ्यास घरीच करता येईल. मुलाला एखादी गोष्ट एकदाच, जवळ जाऊन, हळू आवाजात सांगावी आणि ती करण्यास त्याला अवधी द्यावा. चूक झाल्यास जुन्या चुकांची उजळणी करू नये. जेवताना पहिली दहा मिनिटे मुलांनी बोलावे व वडीलधाऱ्यांनी ऐकावे. आरंभी हे अवघड वाटेल. परंतु ज्या घरात आईवडील ऐकून घेतात, त्या घरात त्यांनी उच्चारलेला एक शब्दही मुलांच्या मनात दीर्घकाळ राहतो.