चिनी बोलायचंय, पण समोर बोलणारं कुणी नाही? मोबाईल आणि मराठी जीभ कामाला लावा

नाशिक : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि तिथल्या सैनिकांवर उपचार करता करता चिनी बोलायला शिकले. त्यांच्या आजूबाजूला दिवसरात्र चिनी बोलणारी माणसं होती. निफाड, दिंडोरी किंवा सुरगाण्यातल्या तरुणाकडे ती सोय नाही. गावात चिनी माणूस नाही, तालुक्याला क्लास नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅटही गेलं. चीनमधले लोक रोजच्या गप्पा त्याच अ‍ॅपवर मारतात. त्यामुळे घरबसल्या चिनी मित्र जोडण्याचा सोपा रस्ताही बंद झाला.

दुसरीकडे गरज मात्र आहे. कारखान्यात चिनी यंत्र बसवायचं असो की व्यापाऱ्याला तिथून माल मागवायचा असो, दुभाषी लागतोच. २०२५ मध्ये भारताने चिनी पर्यटकांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली आणि दोन्ही देशांमधली थेट विमानंही सुरू झाली. मग जोडीदार नसताना बोलणं सुधारायचं कसं?

गाडीवाटच्या मुलांनी काय केलं?

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट हे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? रोबोटचं वेड असलेल्या मुलांनी जपानी निवडली. शाळेत जपानीचा शिक्षक नव्हता. आधी इंटरनेटवरून साहित्य जमवलं, पुढे एका भाषातज्ज्ञाने ऑनलाइन शिकवलं. ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता ती मुलं इतरांना शिकवू लागली. भाषा जपानी असली तरी अडचण तीच होती, आणि ऐकून बोलण्याचा सराव गावात बसून होतो हे या मुलांनी दाखवून दिलं.

मराठी जिभेला निम्मी वाट माहीत आहे

चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. चीनमध्ये ती १९५८ पासून अधिकृत आहे. ही अक्षरं इंग्रजीसारखी वाचली की पहिली चूक तिथेच होते. पिनयिनमधला ‘बी’ हा ‘प’, ‘पी’ हा ‘फ’, ‘डी’ हा ‘त’ आणि ‘टी’ हा ‘थ’. म्हणून आपण ज्याला बीजिंग म्हणतो, त्याला तिथला माणूस ‘पेइचिंग’च्या जवळ जाणारं काहीतरी म्हणतो.

प-फ, त-थ, क-ख हा फरक मराठी पोराला बाराखडीतच मिळालेला असतो. फक्त ‘फ’ म्हणताना ओठ मिटले पाहिजेत. आपल्याकडे दोन ‘च’ आहेत, एक चमच्यातला आणि एक चिमणीतला. हे दोन्ही चिनीत वेगळे धरले जातात. निरोप घेतानाच्या ‘चाय च्येन’मध्ये पहिला ‘च’ चमच्यातला, दुसरा चिमणीतला. तिसरा ‘च’ मात्र नवा. त्यासाठी ‘ट’ म्हणताना वळते तशी जीभ वर वळवून ‘च’ म्हणावा लागतो.

व्याकरणातही दिलासा आहे. ‘गेलो, गेली, गेले’ असं क्रियापद बदलत नाही. शब्दांचा क्रम तेवढा वेगळा. ‘मी द्राक्षं विकतो’ याचं चिनी ‘वो माय फूथाओ’, म्हणजे ‘मी विकतो द्राक्षं’.

खरी अडचण सुरांची

याच वाक्यातला ‘माय’ नीट बघा. हा शब्द वरून खाली झटक्यात म्हटला तर ‘विकणे’. खालच्या सुरात दाबून म्हटला तर ‘खरेदी करणे’. बाजार समितीत असा घोळ झाला तर काय होईल, हे लासलगावकरांना वेगळं सांगायला नको.

चिनीत मुख्य सूर चार. पहिला उंच आणि सपाट, डॉक्टरसमोर ‘आऽऽ’ करतो तसा. दुसरा चढता, नीट ऐकू न आल्यावर ‘काय?’ विचारतो तसा. तिसरा खालचा, मनाविरुद्ध ‘हंऽ’ म्हणतो तसा. चौथा उतरता, पोराला दटावून ‘चल!’ म्हणतो तसा. ‘तू आलास.’ आणि ‘तू आलास?’ यांत मराठी माणूसही सूर बदलतोच. आपण तो वाक्याला लावतो, चिनी माणूस प्रत्येक अक्षराला लावतो. दोन तिसरे सूर शेजारी आले की पहिल्याचा दुसरा होतो. ‘नी हाओ’ या साध्या नमस्कारातही हेच घडतं.

रोज अर्धा तास, एकट्याने

पहिली दहा मिनिटं : चिनी माणसाच्या आवाजातलं एकच छोटं वाक्य घ्या. आधी नुसतं ऐका, मग त्याच्या मागोमाग तोंडाने म्हणा. अर्थापेक्षा चाल पकडा. शब्दांचे उच्चार प्लेकोसारख्या शब्दकोश अ‍ॅपवर ऐकता येतात.

दुसरी दहा मिनिटं : आपला आवाज रेकॉर्ड करा आणि मूळ वाक्याशेजारी लावून ऐका. लाज वाटते, पण चूक इथेच सापडते. बोलत असताना ती स्वतःला ऐकू येत नाही.

शेवटची दहा मिनिटं : हातातलं काम चिनीत सांगा. पाणी भरतोय, गाडी काढतोय, कांदा निवडतोय. शब्द अडला की वहीत लिहा, उद्या शोधा.

मोबाईलच्या कीबोर्डवर चिनी भाषा निवडून बोलून टाइप करणं ही चांगली परीक्षा. ‘श्वेइच्याओ’ दोन्ही अक्षरं तिसऱ्या सुरात म्हटली तर पाण्यात उकडलेले मोमो, चौथ्यात म्हटली तर झोपणे. तुम्ही जेवण मागितलं आणि मोबाईलने झोप लिहिली, तर सूर चुकला. मात्र पूर्ण वाक्यात मोबाईल अंदाजाने चूक झाकतो, म्हणून ही तपासणी सुट्या शब्दांवर करावी.

परीक्षाही यंत्रासमोरच

चिनी बोलण्याची अधिकृत परीक्षा म्हणजे एचएसकेके. तिचे प्राथमिक, मध्यम आणि उच्च असे तीन स्तर आहेत. तिथेही समोर गप्पा मारायला माणूस नसतो, उमेदवाराचा आवाज रेकॉर्ड होतो. प्राथमिक स्तरावर २७ प्रश्न असतात आणि त्यांतले १५ फक्त ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचे. म्हणजे घरातला सराव थेट परीक्षेत उपयोगी पडतो.

एकट्याने काय जमत नाही?

समोरच्याने भरभर उत्तर दिलं, मध्येच विषय बदलला, तर सांभाळून घेणं एकट्याने येत नाही. त्यासाठी शेवटी माणूस लागतोच. महिन्यातून एकदा जरी ऑनलाइन शिक्षकाला आपलं रेकॉर्डिंग ऐकवलं, तरी पक्क्या होऊ पाहणाऱ्या चुका वेळीच सुटतात. ‘पंधरा दिवसांत फाडफाड चिनी’ असं सांगणाऱ्याला पैसे मोजण्याआधी त्याला एक प्रश्न विचारावा, पहिल्या आठवड्यात सूर किती तास घोटून घेणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर ते पैसे चांगल्या इयरफोनला लावलेले बरे.