'च'ची भाषा

परवां आमच्या घरीं जेवतांना मोठी नात धाकटीच्या कानाशीं लागून म्हणाली, "चलाया चगूंसां चकोन." 'याला सांगूं नको' हें कळण्याइतकी चची भाषा मला अजून येते. पांच वर्षांच्या नातवाला ती येत नव्हती. तो रडूं लागला. सूनबाईंनीं मुलींना दटावलें व ती भाषा घरांत बंद केली.

श्रोतेहो, हा न्याय मला रुचला नाहीं. या भाषेचा नियम अगदीं लहान आहे. शब्दाचें पहिलें अक्षर शेवटीं न्यावयाचें आणि मोकळ्या जागीं 'च' बसवावयाचा. 'पाणी' होतें 'चणीपा', 'मला' होतें 'चलाम'. एकाक्षरी 'मी'चें 'चमी'. परंतु नियम कळला म्हणजे भाषा आली असें नव्हे. खरें कुलूप वेगांत आहे. ऐकणारा पहिला शब्द सोडवीत बसतो, तोंवर तिसरा निघून जातो.

यांत मौज आहे ती कापण्याच्या जागेची. 'प्रकाश'चें मूल 'चकाशप्र' करतें. जोडाक्षर फोडीत नाहीं, स्वरासकट सगळें अक्षर हलवितें. इंग्रजी 'पिग लॅटिन'मध्यें 'स्कूल'चीं आरंभीचीं दोन व्यंजनेंच मागें जातात, स्वर जागीं राहतो, आणि 'ऊल्स्के' होतें. फ्रेंच 'व्हेर्लां'त शब्दाचे तुकडे उलटे लागतात. तें नांवहि 'लांव्हेर', म्हणजे 'उलटें', यालाच उलटवून झालें आहे. सुटें व्यंजन हेरणें सोपें नाहीं. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दाचें पहिलें व्यंजन गाळणें फार जड गेलें. मोठेपणीं वाचावयास शिकलेल्यांना तें पुष्कळ अधिक जमलें. अक्षराचे तुकडे मात्र कान आधींच ओळखतो. म्हणून पाटी न धरलेलें पोरहि चची भाषा उचलूं शकतें.

आणि थोरांनीं तरी काय केलें? वात्स्यायनानें 'म्लेच्छितविकल्प' चौसष्ट कलांत गणला. यशोधराच्या टीकेंत अक्षरांच्या अदलाबदलीच्या युक्त्या आहेत. महानुभावांनीं आपल्या पोथ्या 'सकळ' लिपींत लिहिल्या, तींतहि एका अक्षराच्या जागीं दुसरें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती उलगडेपर्यंत हें मराठी वाङ्मय बाहेरच्यांना बंदच होतें.

असो. मीं नातवाला माडीवर नेलें व दोन दुपारीं त्याच्याकडून घोकून घेतलें. तिसऱ्या दिवशीं त्यानें ताटावरूनच बहिणींना "चलाम चकभू चगलीला" असें ऐकविलें. मुली चपापल्या. सध्यां त्या 'ट'ची भाषा बनवीत आहेत.