आरोग्यविज्ञानातील पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील कोरेगाव भीमा परिसरातील अनेक कुटुंबांत आज पहिल्या पिढीचा पदवीधर आहे. विज्ञान, परिचर्या वा औषधनिर्माणशास्त्राची पदवी हाती आली, की पुढे 'आरोग्यक्षेत्रात काहीतरी' करावे, असा विचार होतो. मात्र केवळ अभ्यासक्रमाचे आकर्षक नाव पाहून प्रवेश घेतल्यास दोन वर्षे व शैक्षणिक कर्ज दोन्ही वाया जाण्याचा धोका असतो.

या क्षेत्राचा विस्तार पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. जवळच्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉ. कोयाजी यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परिसरातील गावांतील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवणारी यंत्रणाही २००२ पासून तेथे उभी राहिली. अशा कामाला डॉक्टरांइतकीच साथरोगशास्त्र जाणणाऱ्यांची, संख्याशास्त्रज्ञांची, परिचारिकांची व माहितीचे व्यवस्थापन करणाऱ्यांची गरज असते. यांपैकी आपल्याला कोणते काम करावयाचे आहे, हा पहिला प्रश्न होय.

दुसरा प्रश्न त्या पदवीने मिळणाऱ्या अधिकाराचा. सार्वजनिक आरोग्य विषयातील 'एमपीएच' पदवीला अनेक ठिकाणी वैद्यकेतर पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. परंतु त्या पदवीने रुग्णावर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. सामाजिक वैद्यकशास्त्रातील 'एमडी' मात्र एमबीबीएस झालेल्यांसाठीच असते. नावे जवळची वाटली, तरी वाटा भिन्न आहेत.

तिसरा प्रश्न मान्यतेचा. परिचर्या, भौतिकोपचार आदी शाखांची राज्यातील बहुतेक महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभिमत विद्यापीठांची व्यवस्था स्वतंत्र असते. व्यवसायासाठी परिषदेकडील नोंदणी आवश्यक असेल, तर ती या पदवीवर होते किंवा नाही, हे शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे. दूरशिक्षणाबाबत विशेष सावध राहावे. सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली. आहारशास्त्र व मानसशास्त्र यांचाही त्यात समावेश आहे.

चौथा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवाचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात 'एमपीएच' अभ्यासक्रम आहे. मुंबईत देवनार येथे टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालय प्रशासन, तर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण मिळते. कोठेही प्रवेश घेताना क्षेत्रकार्य किती महिने व कोठे होते, प्रबंध कोणाच्या मार्गदर्शनाखाली लिहावा लागतो, मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत, याची चौकशी करावी. शक्य झाल्यास त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी प्रत्यक्ष बोलावे.

शेवटी खर्च. शुल्काबरोबर वसतिगृह, प्रवास व क्षेत्रकार्याचा खर्च धरून दोन वर्षांची बेरीज करावी आणि पहिल्या नोकरीतील संभाव्य वेतनातून कर्जाचा हप्ता निघेल काय, हे घरातील वडीलधाऱ्यांसमवेत बसून पाहावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर एक वर्ष नोकरी करून अनुभव घेणे आणि नंतर प्रवेश घेणे अधिक हितावह ठरेल. घाईने घेतलेल्या पदवीपेक्षा उशिरा पण विचारपूर्वक घेतलेली पदवी केव्हाही उपयोगी पडते.