वैद्यकाचा विद्यार्थी आणि त्याची प्रगती

रुग्णाच्या दंडाभोवती कापडी पट्टा गुंडाळावयाचा, रबरी फुग्याने त्यात हवा भरावयाची, कोपराच्या लवणीत स्टेथॉस्कोप टेकवून हवा सावकाश सोडावयाची, आणि नाडीचा ध्वनी कोणत्या आकड्यावर प्रथम ऐकू आला व कोणत्या आकड्यावर नाहीसा झाला, हे टिपून घ्यावयाचे. रक्तदाब मोजण्याची कृती ती एवढीच. दिल्लीतील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ती दिवसभर चाललेली असते, आणि वैद्यकाचा विद्यार्थी जी कामे आरंभीच शिकतो त्यांत तिची गणना होते. दिसावयास ही कृती सोपी आहे. परंतु शिकविणे आणि शिकणे यांचा एक गहन प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

समजा, एका स्थूल रुग्णाचा रक्तदाब तीन विद्यार्थ्यांनी मोजला. हृदय शिथिल असतानाचा, म्हणजे खालचा, दाब प्रत्यक्षात ८० असताना तिघांनीही तो ९० च्या आसपास नोंदविला. कागदावरचे उत्तर तपासणाऱ्या परीक्षकाच्या दृष्टीने तिघांची चूक एकच आहे. मात्र जो अध्यापक शेजारी उभा राहून तिघांचे हात पाहत होता, त्याला निराळेच काही दिसले. पहिल्याने जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला होता, आणि अरुंद पट्ट्याने दाब आहे त्याहून अधिक भरतो. दुसऱ्याने पट्टा योग्य निवडला. पण रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन न ठेवता खाली लोंबू दिला, त्यामुळेही आकडा चढतो. तिसऱ्याने या दोन्ही गोष्टी बरोबर केल्या, पण हवा घाईने सोडली. हवा दर सेकंदाला पाऱ्याच्या दोन ते तीन मिलिमीटर एवढ्याच गतीने उतरावयास हवी. ती झपाट्याने उतरली म्हणजे नाडीच्या दोन ठोक्यांच्या मधल्या काळात आकडा बराच खाली घसरतो, आणि शेवटचा ध्वनी ऐकू येतो तो खऱ्या दाबाहून वरच्या आकड्यावर.

चूक एक, पण तिची कारणे तीन. तिघांना पुन्हा एकत्र बसवून रक्तदाबावरचे तेच व्याख्यान दिले, तर कदाचित एकाचाही हात सुधारणार नाही. पहिल्याला पट्ट्याची निवड शिकवावी लागेल, दुसऱ्याला रुग्णाची बैठक, आणि तिसऱ्याला बोटांवरील ताबा. ही चूक तशीच राहिली, तर उद्या हेच विद्यार्थी डॉक्टर झाल्यावर एखाद्या निरोगी माणसाच्या मागे जन्माची औषधे लागतील. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीकडे वेगळे लक्ष पुरविण्याचा विचार वैद्यकीय शिक्षणात का महत्त्वाचा ठरला आहे, हे एवढ्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

वर्ग आणि व्यक्ती

पूर्वी वैद्यक गुरूच्या घरी राहून शिकले जात असे. शिष्य मोजके असत आणि कोणाला काय येते हे गुरूला ठाऊक असे. त्या पद्धतीत दोषही मोठा होता. गुरूचे ज्ञान अपुरे असेल, तर शिष्याचेही अपुरेच राही, आणि त्याची पारख करणारे बाहेरचे कोणी नसे. आधुनिक वैद्यकीय महाविद्यालयांनी हा दोष दूर केला. ठरलेला अभ्यासक्रम, सुसज्ज प्रयोगशाळा, रुग्णालयातील अनुभव आणि सर्वांना सारखी परीक्षा ही त्यांची मोठी देणगी होय. अमेरिकेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून जो अहवाल लिहिला, त्याने या व्यवस्थेला भक्कम शास्त्रीय पाया मिळवून दिला.

परंतु या लाभाबरोबर एक हानीही पदरात पडली. शिकविण्याची गती वर्गाची ठरली आणि वर्गातील एकेकटा विद्यार्थी दृष्टीआड झाला. सर्वांनी तितकेच महिने शिकावयाचे, एकाच दिवशी परीक्षेस बसावयाचे, आणि शंभरापैकी पन्नास गुण मिळविणाऱ्याने उत्तीर्ण व्हावयाचे. इतिहासाच्या परीक्षेत पन्नास गुणांचा अर्थ लावणे फारसे कठीण नाही. पण ज्याला डॉक्टर व्हावयाचे आहे त्याच्या बाबतीत प्रश्न असा उभा राहतो की, उरलेले पन्नास गुण नेमके कशाचे? न आलेला तो भाग आज प्रश्नपत्रिकेत टाळता येईल. उद्या रुग्णाच्या रूपाने तो समोर आला म्हणजे टाळता येणार नाही.

दिल्लीतील प्रारंभ

भारतात वैद्यकीय शिक्षण कसे असावे याचा सर्वांगीण विचार सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केला. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. एक अखिल भारतीय वैद्यकीय संस्था असावी, ही त्यातील एक सूचना होती. तत्कालीन आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने ती प्रत्यक्षात आली, आणि १९५६ मध्ये संसदेच्या कायद्याने नवी दिल्ली येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. संस्थेचे पहिले संचालक डॉ. बी. बी. दीक्षित हे त्यापूर्वी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पहिल्या वर्षी संस्थेत पदवी अभ्यासक्रमासाठी केवळ ५० विद्यार्थी घेण्यात आले.

रोग्यांवर उपचार करणारे आणखी एक रुग्णालय उभारावे, एवढाच या कायद्याचा उद्देश नव्हता. शिकविण्याच्या नव्या पद्धती घडवाव्या आणि देशातील इतर महाविद्यालयांपुढे त्यांचा आदर्श ठेवावा, हे काम कायद्यानेच संस्थेकडे सोपविले. वैद्यक कसे शिकवावे हाही संशोधनाचा विषय आहे, ही कल्पना त्यात गृहीत होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीची ही संस्था, वाराणसीचे हिंदू विश्वविद्यालय, वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय आणि पाँडिचेरीची जिपमेर यांनी एकत्र येऊन वैद्यकीय शिक्षणाच्या सुधारणेचा विचार चालविला. संस्थेत डॉ. के. एल. विग यांच्या नावाचे जे केंद्र आहे, ते अध्यापकांनाच अध्यापनाचे शिक्षण देते.

माहीत असणे आणि करता येणे

याच सुमारास जगात इतरत्रही असाच विचार चालू होता. शिकागोचे शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, शाळा वेळ सर्वांना सारखा देतात आणि म्हणून शिकणे कमीजास्त होते. उलट वेळ व साहाय्य गरजेप्रमाणे कमीजास्त दिले, तर बहुतेक विद्यार्थी एकाच उंचीवर पोहोचू शकतील. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये एक नवी परीक्षापद्धती मांडली. तीत विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकेक कृती परीक्षकासमोर करून दाखवितो. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मिलर यांनी वैद्यकीय योग्यतेच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करावे हे सांगता येणे, करून दाखविता येणे, आणि नित्याच्या कामात प्रत्यक्ष करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंतच पोहोचते. रुग्णाचा संबंध मात्र चौथ्या पायरीशी येतो.

भारतीय वैद्यक परिषदेने आखलेला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून देशभर लागू झाला. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली, आणि या आयोगाने तोच मार्ग पुढे चालविला. आयुर्विज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम तिच्या स्वतंत्र कायद्यान्वये ती स्वतःच ठरविते. परंतु लेडी हार्डिंज, मौलाना आझाद यांसारखी दिल्लीतील महाविद्यालये या नव्या नियमांखाली येतात. कोणत्या विषयाची किती व्याख्याने व्हावीत, एवढे ठरवून हा अभ्यासक्रम थांबत नाही. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टराला नेमके काय करता आले पाहिजे, याची यादी त्याने आधी केली, आणि प्रत्येक गोष्ट कोणत्या पायरीपर्यंत यावयास हवी हेही नमूद केले.

नोंदवहीतील रकाने

ही प्रगती नोंदविण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंदवही असते. महाविद्यालयात तिला लॉगबुक म्हणतात. कौशल्याचे नाव आणि तारीख यांच्यापुढे, हा प्रयत्न पहिला आहे, पुन्हा केलेला आहे, की विशेष मार्गदर्शनानंतरचा आहे, हे लिहावयाचे असते. त्यापुढील रकान्यात काम अपेक्षेहून कमी, अपेक्षेइतके, की अपेक्षेहून सरस, याची नोंद होते. मग अध्यापकाचा निर्णय येतो : पूर्ण झाले, पुन्हा करावे, किंवा विशेष मार्गदर्शन घ्यावे. त्याखाली अध्यापक सही करतो.

या रकान्यांत ‘नापास’ हा शब्द नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याला पहिल्या प्रयत्नात जमले नाही, त्याचे शिक्षण अजून चालू आहे, एवढाच नोंदीचा अर्थ. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. शेवटच्या रकान्यात विद्यार्थी स्वतः सही करतो. आपले काय चुकले आणि ते कसे सुधारावे, हे अध्यापकाने आपणांस सांगितले, असा त्या सहीचा अर्थ असतो. म्हणजे नोंदवही विद्यार्थ्याचा हिशेब ठेवते, तसाच अध्यापकाचाही ठेवते.

याच तत्त्वावर निवासी डॉक्टरांसाठी अमेरिकेत जॉन नॉरसिनी व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये एक पद्धत मांडली. शिकणारा डॉक्टर रुग्णाला तपासत असता अध्यापक पंधरा-वीस मिनिटे केवळ पाहतो, आणि नंतर काही मिनिटे त्याच्याशी बोलतो. वर्षातून असे अनेकदा, निरनिराळ्या रुग्णांच्या संदर्भात, निरनिराळ्या अध्यापकांकडून व्हावयाचे. एका प्रसंगावरून माणसाची परीक्षा होत नाही. अनेक प्रसंगांतून त्याच्या प्रगतीचे चित्र उमटते.

खेड्यातील दुसरी कसोटी

यावरून असे वाटण्याचा संभव आहे की, विद्यार्थ्यांचे चपळ आणि मंद असे दोन वर्ग पाडले म्हणजे काम झाले. वस्तुस्थिती तशी नाही. दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणातील फरीदाबाद जिल्ह्यात, बल्लभगढ हे गाव आहे. तेथे १९६५ पासून आयुर्विज्ञान संस्था राज्य सरकारच्या सहकार्याने ग्रामीण आरोग्य सेवेचा प्रकल्प चालवीत आहे. संस्थेचे विद्यार्थी येथे राहून गावांतील कुटुंबांमध्ये काम करावयास शिकतात.

अशा गावात एखाद्या शेतकऱ्याचा रक्तदाब वाढलेला आढळला, म्हणजे खरे काम आकडा लिहून झाल्यावर सुरू होते. ज्याला कोठे दुखत नाही, ज्याचे कामकाज नीट चालले आहे, त्याला रोज गोळी घ्यावयास सांगायचे आहे, आणि तीही बहुधा आयुष्यभर. घरात मीठ किती लागते, औषध आणावयास कोण जाणार, दोन आठवड्यांनी बरे वाटले म्हणून तो गोळ्या बंद तर करणार नाही ना, हे सारे विचारावे लागते. तेही त्याच्या बोलीत आणि त्याचा मान राखून. रुग्णालयात ज्याचा हात सर्वांत सफाईने चालला तो विद्यार्थी येथे अडखळू शकतो, आणि ज्याला पट्टा बांधावयास चार वेळा शिकवावे लागले तो शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पाच मिनिटांत त्याचा विश्वास संपादन करू शकतो. पहिल्याला आता मार्गदर्शनाची गरज आहे, दुसऱ्याला नाही. विद्यार्थी सरसकट हुशार किंवा सरसकट मागे असा नसतो. तो कोठे पुढे आहे आणि कोठे मागे, हे पाहणे म्हणजेच त्याची प्रगती पाहणे होय. नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांच्या शिक्षणाला पहिल्या वर्षापासून स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे, ते याच कारणास्तव.

अडचणी

ही पद्धत जितकी तर्कशुद्ध आहे तितकीच ती कष्टाची आहे. मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात एका वर्षाला सुमारे अडीचशे विद्यार्थी प्रवेश घेतात. एका विद्यार्थ्याची एक कृती पाहून त्याच्याशी बोलावयास केवळ दहा मिनिटे लागतात असे धरले, तरी अडीचशे विद्यार्थ्यांना अडीच हजार मिनिटे, म्हणजे सुमारे बेचाळीस तास, हवेत. आणि हे केवळ एका कौशल्याविषयी झाले. त्याच अध्यापकापुढे बाहेर रुग्णांची रांग असते. वेळ नसला म्हणजे वर्षाच्या अखेरीस सर्व नोंदी एकाच दिवशी, एकाच पेनाने भरण्याचा मोह होतो. अशी भरलेली वही नियमांची पूर्तता करील. रुग्णाचे रक्षण करणार नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. ब्लूम यांच्या विचाराप्रमाणे वेळ सैल असावयास पाहिजे. परंतु साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्षाचे प्रत्यक्ष काम ही चौकट कायमच आहे. म्हणून व्यवहारात वेळ सैल करावयाचा तो चौकटीच्या आत : ज्याला लवकर साधले त्याला पुढचे काम द्यावयाचे, आणि ज्याला साधले नाही त्याला त्याच सत्रात पुन्हा संधी द्यावयाची. कृत्रिम हात आणि मानवी पुतळे असलेल्या कौशल्य-प्रयोगशाळांचा येथे मोठा उपयोग होतो. शिरेतून रक्त काढण्याचा पहिला, दुसरा आणि दहावाही प्रयत्न तेथे कोणालाही वेदना न देता करता येतो.

तिसरी अडचण अध्यापकांचीच. ज्यांनी स्वतः व्याख्याने ऐकून शिक्षण घेतले, त्यांना पाहणे, थांबणे आणि नेमकेपणाने सांगणे ही कला नव्याने शिकावी लागते. ‘ठीक आहे, आणखी अभ्यास कर’ हे मार्गदर्शन नव्हे. ‘हवा घाईने सोडलीस, आता पुन्हा मोज’ हे मार्गदर्शन होय. म्हणूनच प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणाचा विभाग आणि अभ्यासक्रम समिती असावी, असे नियमांनी ठरविले आहे. विभागप्रमुखाने नेतृत्व करावयाचे ते येथेच : पाहण्यासाठी वेळ राखून ठेवणे, ही त्याची पहिली जबाबदारी आहे.

हा विचार केवळ वैद्यकापुरता नाही. शाळेत भागाकाराचे एकच चुकीचे उत्तर तीन मुलांनी लिहिले असेल, तर एकाचा पाढा कच्चा असेल, दुसऱ्याने हातचा विसरला असेल, आणि तिसऱ्याने फळ्यावरचा आकडाच चुकीचा उतरविला असेल. वहीवर लाल फुली मारणे सोपे आहे. मुलाच्या शेजारी बसून तो कसा सोडवितो हे पाहणे कठीण. वैद्यकात हे कष्ट टाळले, तर त्यांची किंमत गुणपत्रिकेवर उमटत नाही. ती कोणी अनोळखी रुग्ण पुढे कित्येक वर्षांनी मोजतो, आणि ती आपण का मोजतो आहोत हे त्याला कधीच कळत नाही.