पतियाळ्याची एकरुळी गाडी

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात कपड्यांचे ढीग उपसणारी मराठी मंडळी तिथून रिक्षा करून चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात क्वचितच जातात. जातात ती जुन्या इंजिनांपुढे फोटो काढून परततात. माझा जीव मात्र पतियाळा संस्थानाच्या वाफेवरच्या मोनोरेलवर.

रचना तऱ्हेवाईकच. रस्त्याच्या कडेला एकच रूळ, डब्याची दुहेरी कडांची चाकं त्यावर एका ओळीत. तोल जाऊ नये म्हणून बाजूला दांडा काढून बसवलेलं मोठं चाक, ते सरळ रस्त्यावरून फिरायचं. या ‘युइंग’ पद्धतीत सुमारे 95 टक्के भार रुळावर असे, उरलेला रस्त्यावर. वेगळी जमीन घ्यायला नको, भराव घालायला नको.

महाराजा भूपिंदरसिंहांच्या काळात, 1907 साली, कर्नल बोल्स या अभियंत्यानं ती सुरू केली. ओढायला आधी खेचरं, मग बर्लिनच्या ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची चार इंजिनं. संस्थानिकांची चैन आपण चवीनं सांगतो. पण ही गाडी बस्सीच्या मंडीतलं धान्य आणि माणसं सरहिंदच्या रेल्वे स्टेशनावर पोचवत होती. रस्ते सुधारले, त्यांवर मोटारी आल्या. कोकणच्या बोटींचे उतारू पुढे एसटीनं पळवले, तसंच इथं घडलं. 1927 साली गाडी बंद पडली.

मग 35 वर्षं सगळं सामान पतियाळ्यात बांधकाम खात्याच्या आवारात गंजत पडलं. सरकारी आवारात वस्तू मोडीतही निघत नाही आणि कामालाही येत नाही, हे सरोजिनी नगरच्या क्वार्टरांत नोकरी काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. या वेळी ते पथ्यावर पडलं. 1962 साली माइक सॅटो या इंग्रज रेल्वेवेड्याला ते सापडलं. यानंच पुढे इंग्लंडमध्ये स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ची चालती प्रतिकृती केली, नुसतं रंगरंगोटी करून ठेवण्यावर त्याचं समाधान होणारं नव्हतं.

उत्तर रेल्वेच्या अमृतसर कारखान्यानं एक इंजिन पुन्हा वाफेवर आणलं आणि डबा नव्यानं बांधला. नवा डबा म्हणजे अस्सलपणाला बाध, असं काही जण म्हणतील. मला तसं वाटत नाही. माणसं बसणार नसतील तर ती गाडी कसली? 1 फेब्रुवारी 1977 रोजी उघडलेल्या या संग्रहालयात ती छोट्या गोल मार्गावर प्रवाशांना फिरवू लागली. चारांपैकी दुसरं इंजिन अमृतसरलाच जपून ठेवलेलं आहे.